चार्जिंगच्या दिव्याला ‘अर्थ’ नसतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गॅरेजात दोन वर्षं खपून तुम्ही लोटस कंपनीच्या जुन्या ‘सेव्हन’च्या धाटणीची उघडी दोन सीटची गाडी उभी केलीत. इंजिन जुन्या फोर्ड सिएराचं दोन लिटरचं पिंटो, बॅटरी भरणारा अल्टरनेटरही त्याच गाडीचा. डॅशबोर्डवर शोभून दिसतो म्हणून चार्जिंगचा दिवा म्हणून लाल एलईडी बसवला. चावी फिरवली की तो पेटतो, पण इंजिन सुरू झाल्यावरही विझत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच-तीन हजार आरपीएमला नेलं की मात्र फटकन विझतो आणि मग चार्जिंग व्यवस्थित चालतं. कुणीतरी सुचवलं म्हणून एलईडीला समांतर ६८ ओहमचा रेझिस्टर लावलात. आता दिवा इंजिन सुरू होताच विझतो, पण चावी काढून हातात घेतली तरी इंजिन चालूच! शेवटी गिअरमध्ये टाकून क्लच सोडून ते मारावं लागतं. तर अल्टरनेटर बिघडलाय की इग्निशन स्विच, असं तुमचं विचारणं आहे, आणि सोबत वायरिंगची आकृती आणि फोटो पाठवलेत.

दोन्ही ठणठणीत आहेत. जे घडतंय ते तुमच्या वायरिंगप्रमाणे बरोबर घडतंय. चूक आहे ती त्या दिव्याकडे बघण्याच्या नजरेत, आणि ती चूक मीही केलेली आहे.

पुण्यात नाना पेठेत मी वायरिंग शिकलो तेव्हा जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर अजून दुरुस्तीला यायच्या. त्यांना डायनमो असायचा आणि बाजूला त्याला बॅटरीशी जोडणारी-तोडणारी कटआऊटची पेटी. त्या व्यवस्थेत चार्जिंगचा दिवा म्हणजे दारावरचा पहारेकरी. तो झोपला, मेला, कुणी काढून नेला, तरी घरातलं काम थांबत नसे. बल्ब उडालेला असतानाही डायनमो बॅटरी भरत राहायचा, कारण त्याच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व त्याला पुरेसं असायचं. अल्टरनेटर आले तरी आम्ही त्यांना डायनमोच म्हणत राहिलो आणि दिव्यालाही पहारेकरीच समजत राहिलो. उस्तादांनी एकदा माझ्या हातातला बल्ब काढून घेतला आणि म्हणाले, “हा दिवा नाही रे, ही काडी आहे. ही ओढल्याशिवाय चूल पेटत नाही.”

ते कसं, ते सांगतो. अल्टरनेटरच्या पोटात फिरणारा रोटर म्हणजे एक विद्युतचुंबक. त्याला करंट मिळाला तरच तो चुंबक होतो, आणि तो चुंबक झाला तरच बाहेरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर गुंडाळ्यांमध्ये, वीज तयार होते. एकदा वीज तयार व्हायला लागली की तिच्यातलाच थोडा हिस्सा तीन छोट्या डायोडांमधून, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागांमधून, परत रोटरला मिळतो आणि मशीन स्वतःच्या पायावर उभं राहतं. पण पहिला करंट आणायचा कुठून? तो येतो चावीतून, दिव्यातून, अल्टरनेटरच्या छोट्या टर्मिनलमधून. बॉशच्या अल्टरनेटरवर त्या टर्मिनलला डी प्लस किंवा ६१ म्हणतात, ल्युकसवर त्यावर ‘आयएनडी’ लिहिलेलं असतं. दिव्यातून गेलेला करंट रोटरमधून आणि व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरमधून जाऊन अल्टरनेटरच्या बॉडीला, म्हणजे अर्थला मिळतो.

म्हणून शीर्षकात म्हटलंय तसं, या दिव्याला स्वतःचा अर्थ नसतो. ऑइल प्रेशरचा दिवा असो की ब्रेकचा, त्यांच्या स्विचला अर्थ मिळाला की ते पेटतात. चार्जिंगच्या दिव्याचं एक टोक चावीनंतरच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं सरळ डी प्लसला. इंजिन बंद असताना डी प्लसवर एक-दोन व्हॉल्टच असतात, म्हणून दिव्याच्या दोन टोकांत दहा-अकरा व्हॉल्टचा फरक पडतो आणि तो पेटतो. इंजिन चालू झालं की डी प्लस चौदाच्या आसपास चढतो, चावीकडच्या टोकालाही चौदाच असतात, फरक उरत नाही, दिवा विझतो. त्याला कुणी विझवत नाही. दोन्हीकडून सारखा जोर लागला की दोरी मध्ये थांबते, तसं ते आहे.

आता तुमचा एलईडी. १२ व्हॉल्टचा २.२ वॅटचा साधा बल्ब साधारण १८० मिलिअँपिअर करंट जाऊ देतो, आणि रोटरला सुरुवातीला तेवढाच धक्का हवा असतो. तुमचा एलईडी जाऊ देतो दहा-वीस मिलिअँपिअर. म्हणजे ओली काडी. निष्क्रिय वेगावर, ज्याला आपण आयडलिंग म्हणतो, अल्टरनेटर काही पेटत नाही. वेग वाढवला की रोटरच्या लोखंडातलं उरलंसुरलं चुंबकत्व जोरात फिरून पुरेसा व्होल्टेज तयार करतं, तीन छोटे डायोड कामाला लागतात आणि मशीन उठून बसतं. अडीच-तीन हजारांवर फटकन विझण्याचं कारण हे. एकदा उठल्यावर तुम्ही पुन्हा आयडलला आणलंत तरी ते झोपत नाही, हेही तुम्ही पाहिलं असणार.

रेझिस्टर सुचवणाऱ्यानं इथवर बरोबर सुचवलं. ६८ ओहममधून अंदाजे १६० मिलिअँपिअर जातात, काडी सुकली. पण त्यानं एक गोष्ट सांगितली नाही. एलईडी हा स्वतः डायोड आहे, त्यातून करंट एकाच दिशेनं जातो. रेझिस्टरला दिशा नसते. तुम्ही त्याला समांतर लावून मागचं दार उघडं टाकलंत.

तुमच्या आकृतीत स्पार्क देणारी इग्निशन कॉइल आणि पेट्रोल पंप रिलेवरून, म्हणजे चावीच्या थोड्या करंटनं मोठा करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवरून, चालवलेत, ते उत्तम केलंत. पण चार्जिंगच्या दिव्याची फीड तुम्ही घेतली आहे रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेवरून, म्हणजे चावीकडून रिलेच्या कॉइलला जाणाऱ्या वायरवरून. चावी बंद केली तेव्हा अल्टरनेटर अजून फिरतोय, डी प्लसवर चौदा व्हॉल्ट आहेत. ते रेझिस्टरमधून उलटे ८६ वर येतात. रिलेची कॉइल साधारण ८५ ओहमची असते, तिच्या वाट्याला सात-आठ व्हॉल्ट येतात. बंद असलेला रिले एवढ्यावर ओढला जाईल की नाही शंका आहे, पण आधीच ओढलेला रिले त्याच्या निम्म्या व्होल्टेजवरही सोडत नाही. रिले धरलेला, म्हणून स्पार्क चालू, म्हणून इंजिन चालू, म्हणून अल्टरनेटर चालू, म्हणून रिले धरलेला. साप स्वतःचं शेपूट धरून बसलाय. जुन्या गाड्यांत पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि इग्निशन कॉइल थेट चावीवर असायचे. कॉइलला तीन-चार अँपिअर लागायचे, दिव्यातून मागे येणारा दहावा-विसावा हिस्सा तिला उपाशीच ठेवायचा, म्हणून त्या काळी ही भानगड सहसा दिसत नसे. रिले मात्र अल्पाहारी प्राणी आहे.

उपाय दोन आहेत. पैकी मला आवडणारा आधी सांगतो.

एलईडी काढा. खरंच काढा. त्या जागी २.२ वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा, आणि त्याची फीड ८६ वरून उचलून रिलेच्या ८७ वर न्या, जिथून कॉइल आणि पंप चालतात. आता चावी बंद केल्यावर ८६ वर काहीच मागे येत नाही, रिले तत्काळ सुटतो. डी प्लसवरचे चौदा व्हॉल्ट दिव्यातून ८७ वर येतील खरे, पण तिथे कॉइल आणि पंप दोघे तोंड उघडून बसलेत. दोन-तीन ओहमच्या भारावर दिव्यातून आलेला करंट अर्धा व्हॉल्टही उभा करू शकत नाही. इंजिन मरतं. एक वायर हलवायची, नवीन भाग शून्य. हे काम मी कितीतरी गाड्यांवर केलंय.

बल्बचा होल्डर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. सेव्हनसारख्या गाड्यांचा डॅश बहुतेकदा अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याचा असतो, आणि जुन्या पद्धतीच्या बऱ्याच होल्डरांत बल्बचं एक टोक बॉडीवाटे पत्र्याला अर्थ होतो. तसा होल्डर इथे लावलात तर दिवा जन्मभर पेटलेला राहील, डी प्लसला काही मिळणार नाही, आणि तुम्ही पुन्हा अल्टरनेटरला शिव्या द्याल. दोन्ही वायरी सुट्या निघणारा, बॉडीपासून अलग असलेलाच होल्डर हवा.

दुसरा उपाय, एलईडीवर जीवच जडला असेल तर. रेझिस्टर आणि एलईडी समांतर राहू द्या, आणि त्या दोघांच्या पुढे, अल्टरनेटरकडे जाणाऱ्या वायरीत एक १एन४००७ डायोड टाका. त्याच्या अंगावरची चंदेरी पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. फक्त रेझिस्टरलाच डायोड लावून भागवू नका. एलईडी उलटा व्होल्टेज फार सोसत नाही, पाच व्हॉल्ट ही नेहमीची मर्यादा असते, त्यामुळे दोघांना मिळून एकच डायोड हवा. रेझिस्टर निदान पाच वॅटचा घ्या. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तर त्यात पावणेदोन-दोन वॅट उष्णता तयार होते. पाव वॅटचा चिमुकला रेझिस्टर काळा पडून वास मारेल. तुमच्या फोटोत तो टेपमध्ये गुंडाळून वायरींच्या जुडग्यात कोंबलेला दिसतोय. तो आजच बाहेर काढा, पत्र्याला टेकवून मोकळ्या हवेत बसवा.

मग मी पहिल्याच उपायाच्या मागे का? कारण फिलामेंटचा बल्ब दोन्ही दिशांनी बोलतो. अल्टरनेटरची मुख्य वायर, बी प्लसची, तिचं थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली कडी, सैल झालं की अल्टरनेटर आपल्या जागी चौदा व्हॉल्ट तयार करत राहतो आणि इकडे बॅटरी बाराकडे घसरत जाते. डी प्लसवर चौदा, चावीकडे बारा. फरक उलट्या दिशेचा. साधा बल्ब अशा वेळी मंद निखाऱ्यासारखा दिसायला लागतो, वेग वाढवला की थोडा उजळतो. रात्री तर लगेच नजरेत भरतो. एलईडी आणि डायोडची जोडी मात्र मुकी. ती तुम्हाला घरापासून चाळीस मैलांवर बॅटरी बसल्यावरच सांगणार, आणि तेव्हा सांगून उपयोग काय? मंद निखारा दिसला की आधी बी प्लसचं थिंबल, मग चावीकडच्या जोडण्या, आणि सगळ्यात शेवटी अल्टरनेटरचे डायोड, या क्रमानं बघायचं. लोक उलट्या क्रमानं जातात आणि चांगला अल्टरनेटर बदलतात.

बल्बचा एकच अवगुण, तो उडतो. उडाला की काडी गेली. म्हणून त्याला समांतर १०० ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर लावून ठेवा. फीड ८७ वर असल्यामुळे इथे मागच्या दाराची भीती नाही. बल्ब उडाला तरी अल्टरनेटर उठेल, थोडा आळसावून. आणि चावी फिरवल्यावर दिवा पेटतोय ना हे रोज बघायची सवय लावून घ्या. चावीवर न पेटलेला चार्जिंगचा दिवा ही चांगली बातमी समजणारे पुष्कळ भेटलेत मला.

आता थोडं तुमच्या गाडीच्या जातीबद्दल. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. बल्ब किती वॅटचा, फीड कुठून, सगळं. लोटसनं १९५७ मध्ये सेव्हन आणली तेव्हा ती सुट्या भागांत विकण्यामागे ब्रिटनचा परचेस टॅक्स होता. घरी जोडलेल्या गाडीला तो लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली, पण घरी गाडी जोडण्याचं वेड काही संपलं नाही. तर या वेडात तुम्ही अर्धं वायरिंग सिएराचं कापून घेता, डॅश स्वतःच्या मनाचा करता, रिले तिसऱ्याच ठिकाणचे, आणि जिथे हे तिघं भेटतात नेमकं तिथेच चार्जिंगचा दिवा बसलेला असतो. त्यामुळे असल्या गाड्यांत पहिली कुरकुर करतो तो हाच.

दुसरी कुरकुर अर्थची. तुमची चासी पावडर कोटिंगची, बॉडीचे नाक आणि मडगार्ड फायबरचे, इंजिन रबराच्या माउंटिंगवर. इंजिनापासून चासीपर्यंत जाड अर्थची पट्टी टाकली आहे का? फोटोत मला दिसली नाही. कोटिंग खरवडून चकचकीत धातूवर ती कसली आहे ना ते पाहा, आणि अल्टरनेटरच्या ब्रॅकेटलाही रंग मारला असेल तर बोल्टखालचा रंग काढा. एका गृहस्थांची अशीच गाडी माझ्याकडे आली होती. तक्रार होती, क्लच दिवसेंदिवस जड होतोय. अर्थची पट्टीच नव्हती. स्टार्टरचा सगळा करंट क्लच केबलच्या पोलादी तारेतून चासीला परत जात होता आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं. त्यांचा चार्जिंगचा दिवाही मंद जळायचा, ते त्यांनी मला शेवटी, गाडी घेऊन जाताना, सहज म्हणून सांगितलं.

तपासायचं कसं, तेही लिहितो. बी प्लसला नेहमी बॅटरीचा करंट असतो, मध्ये चावी नाही. म्हणून अल्टरनेटरजवळ पाना न्यायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. डी प्लसची बारीक वायर ओळखून सोडवा. ब्रिटिश रंगपद्धतीच्या वायरींच्या जुडग्यात ती तपकिरीवर पिवळी रेघ असलेली असते. मग निगेटिव्ह परत जोडा, चावी चालू करा, इंजिन बंदच. सुटी केलेली वायर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा पूर्ण तेजानं पेटला तर तुमचं वायरिंग निर्दोष. नाही पेटला तर बल्ब, फ्यूज, रिले, वायर. टेकवल्यावर पेटतो पण डी प्लसला जोडल्यावर पेटत नाही, असं झालं तर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा रेग्युलेटर गेलाय. वायर टेकवायच्या आधीच, सुटी लोंबत असताना दिवा पेटलेला दिसला, तर ती वाटेत कुठेतरी घासून पत्र्याला लागली आहे.

सगळं जोडून इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्हॉल्ट दिसले पाहिजेत, हेडलाइट लावूनसुद्धा. हेडलाइट लावल्यावर बी प्लसवर चौदा आणि बॅटरीवर साडेतेरा, असा अर्ध्या व्हॉल्टचा फरक दिसला तर मधली वायर बारीक आहे किंवा थिंबल नीट दाबलेलं नाही. आणि कृपा करून इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर तपासू’ नका. डायनमोच्या जमान्यातली ती युक्ती आहे. अल्टरनेटरवर केलीत तर व्होल्टेजची जी उसळी येते तिच्यात डायोड जातात, आणि तुमचं इग्निशन मॉड्यूलही सोबत.

आणखी एक खूण लक्षात ठेवा, कधीतरी रस्त्यात उपयोगी पडेल. समजा पुढे तुम्ही दिव्याची फीड इंधनाच्या आणि तापमानाच्या मीटरांबरोबर एका फ्यूजवर नेलीत आणि तो फ्यूज उडाला. मीटर सगळे झोपतील आणि चार्जिंगचा दिवा पेटेल. अल्टरनेटर उत्तम चाललेला असेल, फक्त डी प्लसचे चौदा व्हॉल्ट दिव्यातून मेलेल्या मीटरांकडे वाहत असतील. मीटर मेले आणि दिवा पेटला, हे एकाच क्षणी घडलं तर अल्टरनेटरचा पट्टा बघायच्या आधी फ्यूज बघा.

पिंटो ठेवलंत म्हणून एका मोठ्या डोकेदुखीतून सुटलात. २००० च्या आगेमागेपासूनच्या बऱ्याच फोर्ड इंजिनांवर तीन पिनांच्या प्लगचा अल्टरनेटर येतो, त्याचा व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला असा थेट दिवा चालत नाही. असं इंजिन बाजारातल्या वेगळ्या ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, चालवणारे लोक बहुधा जुना, डी प्लस असलेला अल्टरनेटर शोधून बसवतात, आणि मी पण तेच सांगतो.

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायला, जाणार असाल आणि बॅटरी तोडणारा किल स्विच लावणार असाल, तर साधा दोन टर्मिनलांचा घेऊ नका. चालू इंजिनवर तो ओढला तरी अल्टरनेटर एकटाच स्पार्क पुरवत राहू शकतो. सहा टर्मिनलांचा घ्या, त्यातली एक जोडी इग्निशन तोडते आणि दुसरी अल्टरनेटरला रेझिस्टरमधून मोकळा करते.

शनिवारी आधी ती ८६ वरची वायर ८७ वर न्या, एलईडी आणि रेझिस्टर तात्पुरते आहेत तसेच ठेवून. फीडची जागा बदलल्यानंच इंजिन बंद व्हायला लागेल. तेवढं झालं की बल्ब आणि होल्डर, मग अर्थची पट्टी. इंजिन बंद, चावी चालू असताना डी प्लसवर मीटर किती दाखवतो तो आकडा मला कळवा. दोनच्या वर असेल तर कार्बन ब्रश काढून बघू.